आडनाव विचारण्यापूर्वी : भाडेकरूची पारख आणि आपली जबाबदारी

जून महिना उजाडला की सांगलीच्या विश्रामबागेत, मिरजेच्या रुग्णालयांच्या परिसरात, साताऱ्याच्या सदर बझार आणि गोडोली भागांत, कऱ्हाडच्या विद्यानगरात 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या दिसू लागतात. महाविद्यालयांत प्रवेश घेणारी मुले, रुग्णालयांत नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिका, बदलीवर आलेले बँकेतील कर्मचारी, कुपवाड आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत काम मिळालेली परप्रांतीय कुटुंबे अशा अनेकांची बिऱ्हाडे याच सुमारास हलतात. दुसऱ्या बाजूस, निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून ज्यांनी एखादी सदनिका घेतली किंवा राहत्या घरावर मजला चढवला, त्यांची म्हातारपणाची मिळकत याच भाड्यावर अवलंबून असते. असे घरमालक आपल्या धर्मग्रामांतही आहेत आणि भाड्याचे घर शोधत फिरणारेही आपल्यातच आहेत. म्हणूनच भाडेकरू कसा निवडावा हा केवळ पैशाच्या गुंतवणुकीचा प्रश्न न राहता आपल्या सदसद्विवेकाचाही प्रश्न ठरतो.

घरमालकाने भाडेकरूची चौकशी करू नये, असे आम्ही म्हणत नाही. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेले घर अनोळखी माणसाच्या हाती देताना तो कोण, काय करतो, भाडे देऊ शकेल काय, पूर्वी जेथे राहत होता तेथे कसा वागला, हे जाणून घेणे शहाणपणाचेच आहे. प्रश्न आहे तो या चौकशीच्या क्रमाचा. दूरध्वनीवर पहिला प्रश्न येतो तो 'आपले आडनाव काय?' हा. आडनावावरून जात व धर्म ओळखता आला नाही तर 'आपण कोण?' असे विचारले जाते. 'घरात काय शिजते?' हा त्यानंतरचा प्रश्न. उत्तर मनासारखे नसेल तर 'कालच जागा गेली' असे सांगून संभाषण संपते. नोकरी, पगार, पूर्वीच्या घरमालकाचे मत या खऱ्या उपयोगाच्या गोष्टींपर्यंत चौकशी पोहोचतच नाही. आमच्या मते ही पारख नव्हेच. जन्मावरून काढलेला हा निष्कर्ष आहे आणि त्याने घरमालकाचेही संरक्षण होत नाही.

भीतीचे मूळ

हे असे का घडते, याचा विचार करताना घरमालकांच्या भीतीकडे सहानुभूतीने पाहावयास हवे, कारण त्या भीतीला इतिहास आहे. मुंबई राज्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. महायुद्धानंतरच्या टंचाईत सामान्य माणसाच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ नये, हा त्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु त्या कायद्याने प्रमाणभाडे प्रामुख्याने १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी बांधले गेले आणि पुढे दशकानुदशके ते तेथेच थिजून राहिले. पेठांतील जुन्या वाड्यांत नाममात्र भाड्यावर पिढ्यानपिढ्या राहणारी बिऱ्हाडे आणि डागडुजीचाही खर्च निघत नाही म्हणून वाडा ढासळताना पाहणारा मालक, हे चित्र आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवते. १९७३ साली तर कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी चालू परवान्यावर जागेत राहत असलेल्या माणसास भाडेकरूचा संरक्षित दर्जा मिळाला. ज्याला अकरा महिन्यांसाठी जागा दिली तो कायमचा होऊन बसला, ही म्हण झालेली तक्रार तेव्हापासूनची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात, प्रमाणभाडे असे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे स्पष्ट केले.

त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आहे. या कायद्याने बरेच काही बदलले, परंतु लोकांच्या मनातली भीती मात्र जुन्या कायद्याचीच राहिली. भाडेकरू एकदा घरात शिरला की निघत नाही, या समजुतीपोटी मालक 'आपल्यातलाच' माणूस शोधतो. आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा, ओळखीतल्या ओळखीचा माणूस असला म्हणजे वेळ येताच शब्द टाकून त्याला निघावयास सांगता येईल, असे त्यास वाटते. कायद्यावर भरवसा नसला की माणूस जातीवर भरवसा ठेवतो. भेदभावाचे हे एकमेव कारण नव्हे. पण जे घरमालक मनाने दुष्ट नाहीत तेही आडनाव का विचारतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे सापडते.

कायदा आज काय देतो

म्हणून आपल्या वाचकांस आजच्या कायद्याची ओळख असणे अगत्याचे आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असलाच पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उद्भवला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत आपल्याकडे सर्रास आढळते. नोंदणीच्या सर्वसाधारण कायद्यात एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यास सवलत आहे, तीवरून ती रूढ झाली असावी. पण भाडेनियंत्रण अधिनियम लागू असलेल्या आपल्या शहरांत ती सवलत उपयोगाची नाही. मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला कागद हा नोंदणीकृत करार नव्हे.

करार नोंदवलेला असेल तर कलम २४ घरमालकाच्या मागे उभे राहते. राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या जागेची मुदत संपली आणि परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे दावा चालवावा लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, लेखी करार हाच त्यातील गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो, प्रतिवाद्यास बचावाची परवानगी मागण्यासाठी नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांची मुदत असते आणि जागा अडवून ठेवल्याच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हे सारे सहजासहजी होते असे नाही, पण जुन्या काळची असाहाय्यता आज उरलेली नाही. खर्चाचे म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर धरलेले दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के इतके अल्प असते. नोंदणीही आता घरबसल्या संगणकावरून करता येते.

मग करार नोंदवले का जात नाहीत? थोडा आळस, थोडा दलालाचा सल्ला आणि पुष्कळदा भाड्याचे उत्पन्न आयकरात दाखवावयाचे नसते हे कारण. वास्तविक घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचे कर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि अनेक निवृत्तांना त्यानंतर फारसा कर लागतही नाही. रोखीने घेतलेले, पावती नसलेले भाडे मालकाला दुबळे करते. आणि दुबळा झालेला मालक मग 'आपल्यातल्या' माणसाचा आधार शोधू लागतो.

नोंदणीकृत करार भाडेकरूलाही तितकाच तारतो. कृष्णेच्या काठी राहणाऱ्या सांगलीकरांना हे वेगळे सांगावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये तर, ४५ फूट ही धोक्याची पातळी असलेल्या आयर्विन पुलाजवळ, पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू होतात, तेव्हा या घरात आपणच राहत होतो हे दाखवण्यास भाडेकरूजवळ कागद लागतो. करार नाही, भाड्याची पावती नाही, वीजबिल मालकाच्या नावाचे, अशा कुटुंबाचा संसार वाहून गेला तरी तो होता हे सिद्ध कसे करावे? भाड्याची पावती देणे हेही मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. त्याचप्रमाणे, भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

साताऱ्याचा विद्यार्थी आणि बडोद्याची खोली

जन्मावरून दार बंद करणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचे नाव साताऱ्याच्या शासकीय शाळेत दाखल झाले. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. याच जिल्ह्यात, वडिलांना भेटण्यासाठी निघालेला तो मुलगा भावंडांसह मसूर स्थानकावर उतरला असता, जात कळताच गाडीवानांनी त्यांना गाडीत घेण्यास नकार दिला. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनीच बैल हाकावेत या अटीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींची सुरुवात याच प्रवासाने होते.

त्याच आठवणींत १९१७ सालच्या बडोद्याचा प्रसंग आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून परतलेला हा विद्वान बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेला. त्यास राहावयास खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून दिवसाला दीड रुपया भाड्याने तो राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. त्या अवस्थेत त्यांनी दोन मित्रांचा विचार केला. एक हिंदू होता. आपल्याला घरात घेतले तर नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे तो म्हणाला. तो सभ्य शब्दांतला नकार होता, हे पुढे आंबेडकरांच्या ध्यानी आले. पतिपत्नी दोघेही मूळचे ब्राह्मण कुटुंबातले. धर्मांतरानंतर पती उदार झाला होता, पण पत्नीने जुना विटाळ सोडला नव्हता. कमाठी बागेत बसून वेळ काढून त्याच रात्री आंबेडकर मुंबईच्या गाडीने परतले.

हा प्रसंग आपल्या मेळाव्यांतून फारसा सांगितला जात नाही, आणि म्हणूनच तो येथे मुद्दाम सांगितला. त्या दिवशी दार न उघडणाऱ्यांत एक घर ख्रिस्ती होते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात आपोआप धुऊन निघत नाही, हे आपल्या ख्रिस्तसभेला भारतात वारंवार शिकावे लागले आहे. तो सद्गृहस्थ दुष्ट नव्हता. 'माझी हरकत नाही, पण घरच्यांना, शेजाऱ्यांना, सोसायटीला चालणार नाही' असे आजचे घरमालक म्हणतात, त्यांच्याच वाणीने तो बोलला.

यालाच उत्तर देणारा वारसाही आपल्याच मातीत आहे. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक हे ज्यांचे मूळ गाव, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकाच छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले. प्रवेश देताना भाऊराव मुलाची पारख करीत नसत असे नाही. त्याची गरज आणि कष्टाची तयारी ते अवश्य पाहत. जन्म मात्र पाहत नसत.

आपणही कोठेतरी परके आहोत

जुन्या गोष्टी सांगून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. परंतु अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत केलेले संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. घर हवे म्हणून सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशा तीन प्रकारच्या नावांनी घरमालकांकडे चौकशी केली असता, बाकी सारे सारखे असूनही दलित नावांना नकार मिळाले आणि मुस्लिम नावांना त्याहून अधिक. त्यापूर्वी २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिम नागरिकांना घर मिळवताना येणाऱ्या अडचणींचा उल्लेख आला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या मुलुंड उपनगरात एका मराठी भगिनीस, ती मराठी आहे म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. त्याची चित्रफीत पसरताच सारा महाराष्ट्र संतापला, आणि ते योग्यच होते. पण तोच संताप आपल्या गल्लीतील 'अमुक लोकांना जागा नाही' या वाक्यावर का येत नाही, हेही आपण स्वतःला विचारावयास हवे.

कारण साताऱ्या-सांगलीची माणसे देशभर भाड्याच्या घरांतच वाढली आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याच्या खटाव-माण भागांतून सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी गेलेली कुटुंबे केरळ, तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत पसरली आहेत. ज्यांची भाषा, अन्न, सण वेगळे अशा अनोळखी मुलखात कोणीतरी त्यांना खोली दिली, दुकान दिले, म्हणून दुष्काळी गावांत पक्की घरे उभी राहिली. पाटण, जावळी भागांतून मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत माथाडी कामास गेलेले लोक चाळींतील गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिले. आज कुपवाडला किंवा शिरवळला बिहार, उत्तर प्रदेशातून येणारा कामगार हा त्यांचाच आजचा अवतार आहे.

मिरजेचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे मिशनचे रुग्णालय सुरू केले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि उत्तर कर्नाटकापासूनचे रुग्ण मिरजेच्या वाटेने येऊ लागले. रुग्णांबरोबर त्यांचे नातलग येतात आणि त्यांना काही दिवसांसाठी खोली हवी असते. परिचारिका येतात, त्यांत आपल्या धर्माच्या मुलीही पुष्कळ. मांसाहार, एकटी मुलगी, रात्रपाळी, परप्रांतीय नाव अशा कारणांनी त्यांना दारातून परत फिरावे लागते, तेव्हा आपल्याला वाईट वाटते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने देशातील अनेक शहरांत घरमालकांनी डॉक्टर आणि परिचारिकांना घरे सोडण्यास सांगितले आणि केंद्र सरकारला अशा मालकांवर कारवाईचे आदेश द्यावे लागले. सकाळी ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात त्यांनाच संध्याकाळी बाहेर काढावे, असा तो काळ होता. भीतीच्या प्रसंगी आपण माणसाकडे पाहत नाही, त्याच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीकडे पाहतो.

कायद्याची मर्यादा आणि विवेकाचे काम

घर नाकारण्याविषयी कायदा काय म्हणतो? संविधानाचे पंधरावे कलम प्रामुख्याने शासनाला बांधते. खाजगी घरमालकाने कोणास भाडेकरू ठेवावे, यावर सर्व प्रकारच्या भेदभावाला बंदी घालणारा एकच व्यापक कायदा आपल्या देशात नाही. एप्रिल २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, आपले सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवण्याची संस्थेची मुभा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. पण याचा अर्थ सारे मोकळे आहे असा नव्हे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ खाली गुन्हा आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीस घर भाड्याने देण्यात भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आणि तृतीयपंथी व्यक्तींबाबत तशीच तरतूद २०१९ च्या कायद्यात आली. सोसायटीची परवानगी नाही, ही सबबही तपासून पाहावी. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका परवान्यावर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवावे लागते. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असे शासनाने २००१ सालीच ठरवून दिले आहे.

जेथे कायदा थांबतो तेथे आपले काम सुरू होते. संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, सभेत आलेल्या सोन्याच्या अंगठीवाल्यास मानाची जागा आणि फाटक्या वस्त्रांतील माणसास पायाशी जागा देणाऱ्या भाविकांची जी कानउघाडणी आहे, ती आपल्या दाराशी उभ्या असलेल्या भाडेकरूलाही लागू पडते. १९८७ च्या डिसेंबरात न्याय व शांतीसाठीच्या परमगुरुपीठाच्या आयोगाने बेघरांच्या प्रश्नावर एक दस्तऐवज काढला, त्याच्या शीर्षकातच आपल्या बेघर भावाचे आपण काय केले, असा सवाल आहे. घर ही केवळ गुंतवणूक नव्हे, हा विचार ख्रिस्तसभेने तेव्हापासून स्पष्टपणे मांडला आहे.

पारख कशी करावी

आता प्रत्यक्ष व्यवहाराविषयी. जागा रिकामी झाली म्हणजे भाडे, अनामत, मुदत, माणसांची संख्या आणि घराचे नियम आधी कागदावर लिहून काढावेत आणि येणाऱ्या प्रत्येकास तेच सांगावेत. एकास दहा हजार अनामत आणि दुसऱ्यास, त्याचे नाव ऐकून, पन्नास हजार, असे करू नये. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, असे म्हटले आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, तरी रास्त माप म्हणून तो आपल्यापुढे ठेवण्यास हरकत नाही.

त्यानंतर प्रश्नही सर्वांस सारखेच विचारावेत. उत्पन्नाचे साधन काय आणि भाडे त्यास झेपेल काय? ओळखीचा कोणता पुरावा आहे? पूर्वीचा घरमालक कोण? त्याच्याशी पाच मिनिटे बोलल्याने जितके कळते तितके कोणत्याही आडनावावरून कळत नाही. भाडे वेळेवर येत होते काय, घर कसे ठेवले, शेजाऱ्यांशी कसे होते, आणि संधी मिळाल्यास त्यास पुन्हा जागा द्याल काय, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. विद्यार्थी किंवा पहिल्यांदाच नोकरीस लागलेली मुलगी असेल तर पालक, महाविद्यालय किंवा रुग्णालय यांच्याकडे चौकशी करावी. मालक त्याच घरात राहत असेल तर रात्रीची वेळ, पाण्याचा वापर, स्वयंपाकघर यांविषयी नियम असू शकतात. पण ते नियम वागणुकीचे असावेत आणि सर्वांस एकच असावेत.

अनेक अर्ज आले तर ते आलेल्या क्रमाने पाहावेत आणि अटी पूर्ण करणाऱ्या पहिल्यास जागा द्यावी. हा साधा नियम मनातील पूर्वग्रहास शिरकाव करू देत नाही. ज्यास नकार द्यावयाचा त्यास तो लगेच आणि खऱ्या कारणासह सांगावा, विसाराची रक्कम घेतली असल्यास परत करावी आणि त्याच्या कागदपत्रांच्या प्रती नष्ट कराव्यात. आधार कार्डाची प्रत घेताना पहिले आठ अंक झाकलेली प्रतही मिळते, ती चालते. भाडेकरूंच्या अशा प्रती दलालाच्या भ्रमणध्वनीवर पडून राहणे धोक्याचे आहे.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्यात हयगय करू नये. याविषयी वेळोवेळी निघणारे आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि त्यांचे उल्लंघन दंडनीय आहे. परंतु ही माहिती सर्वच भाडेकरूंची द्यावयाची असते. केवळ परप्रांतीयाची किंवा विशिष्ट धर्माच्या माणसाची माहिती देऊन बाकीच्यांना सूट देणे, हा त्या आदेशाचा हेतू नव्हे.

राहता राहिला आपल्या धर्मग्रामांचा प्रश्न. चर्चच्या फलकावर 'ख्रिस्ती कुटुंबासच देणे आहे' अशी चिठ्ठी कधी कधी दिसते आणि चांगला ख्रिस्ती भाडेकरू पाहून द्या, अशी विनंती धर्मगुरूंना केली जाते. नव्याने आलेल्या परिचारिकेस धर्मग्रामाच्या ओळखीने घर मिळवून देणे हे उत्तम कार्य आहे. आपण संख्येने थोडे आहोत आणि थोड्यांना एकमेकांचा आधार लागतो, हेही खरे. पण आपल्या माणसासाठी दार उघडणे वेगळे आणि इतरांसाठी ते लावून घेणे वेगळे. त्या फलकावर 'ख्रिस्ती कुटुंबासच' या शब्दांऐवजी भाडे, अनामत आणि घराचे नियम लिहिले जावेत, अशी आमची सूचना आहे. धर्मगुरूंनी शिफारसपत्र दिलेच तर त्यात त्या व्यक्तीच्या वागणुकीविषयी स्वतःस जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. बाप्तिस्म्याचा दाखला हा भाडे वेळेवर येण्याचा पुरावा नव्हे. तसेच प्रत्येक धर्मग्रामात कायद्याची जाण असलेले एखाददुसरे वकील किंवा निवृत्त कर्मचारी असतातच. वयोवृद्ध घरमालकांचे करार नोंदवून देण्यास त्यांनी जूनच्या रविवारी मिस्सानंतर तासभर दिला, तर मालकाची भीती आणि भाडेकरूची अनिश्चितता दोन्ही कमी होतील.

येत्या आठवड्यांत आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी दूरध्वनी वाजेल आणि पलीकडून कोणीतरी खोली आहे काय, असे विचारील. त्यास प्रथम नोकरी विचारावी, माणसे किती ते विचारावे, घर पाहावयास कधी येता ते विचारावे. करार करण्याची वेळ आली म्हणजे आडनाव कागदावर लिहावेच लागते. तोपर्यंत ते विचारले नाही तर काहीच बिघडत नाही.